साच्याचा आळ

जगप्रसिद्ध शिल्पकार ऑग्युस्त रोदँ १८४० साली पॅरिसमध्ये पोलीसखात्यातील एका कारकुनाच्या घरी जन्मला. तेथील नामांकित कलाशाळेने त्याला तीनदा प्रवेश नाकारला. मग इमारतींची नक्षी घडवीत त्याने मजुरीवर पोट भरले.

ब्रुसेल्समध्ये एका बेल्जियन सैनिकाला समोर उभे करून, सुमारे दीड वर्ष खपून, त्याने मातीत पूर्णाकृती पुरुष घडविला. ‘ब्राँझयुग’ हे त्याचे नाव. १८७७ मध्ये ते शिल्प प्रदर्शनात मांडले, तेव्हा ते इतके जिवंत भासले की लोकांनी आळ घेतला : हे घडविलेलेच नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढला आहे!

मी पेणचा. आमच्याकडे मूळ मूर्तीवर रबराचा साचा चढवितात. त्यातून शेकडो गणपती निघतात. साचा बोटाचा ठसासुद्धा उचलतो, पण मूळ मूर्ती कोणाला तरी मातीत घडवावीच लागते. रोदँनेही साचा काढला होता, पण तो स्वतःच्या मातीच्या शिल्पावरून.

आमच्यासारख्या, घरात पहिल्यानेच कॉलेजात आलेल्या मुलाने निबंध चांगला लिहिला, तर तो कोठून उतरविला असे विचारले जाते. म्हणून रोदँचा संताप मला समजतो.

त्याने त्या सैनिकाची छायाचित्रे पुराव्यादाखल दिली. इतर शिल्पकारांनी ग्वाही दिली. १८८० मध्ये फ्रेंच सरकारने ते शिल्प ब्राँझमध्ये विकत घेतले. पुढचा ‘संत जॉन’ मात्र रोदँने मुद्दाम माणसापेक्षा मोठा घडविला. १९१७ मध्ये तो वारला, तोवर त्याच्या हाताविषयी कोणाला शंका उरली नव्हती.