मार्गारेट लॉरेन्स : जीवन आणि वाङ्मय

प्रादेशिक कादंबरीचा अभ्यास करताना एक प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो : लेखकाला आपला प्रदेश जन्मतःच कळलेला असतो का? कॅनडाच्या कादंबरीकार मार्गारेट लॉरेन्स यांचे चरित्र या दृष्टीने लक्षात घ्या.

त्यांचा जन्म १८ जुलै १९२६ रोजी मॅनिटोबा प्रांतातील नीपावा या लहान गावी झाला. त्या चार वर्षांच्या असताना आई व नऊ वर्षांच्या असताना वडील निवर्तले. सावत्र आई झालेल्या मावशीने त्यांचा सांभाळ केला. १९४७ मध्ये विनिपेग येथे पदवी घेतल्यावर अभियंता जॅक लॉरेन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या कामानिमित्त त्या प्रथम सोमालीलँडमध्ये व पुढे १९५७ पर्यंत गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, राहिल्या.

सोमाली भाषेला तेव्हा अधिकृत लिपी नव्हती. ती १९७२ मध्ये मिळाली. मात्र तिची मौखिक काव्यपरंपरा अत्यंत समृद्ध होती. जाणकारांच्या साहाय्याने लॉरेन्स यांनी सोमाली कविता व कथा इंग्रजीत आणल्या. ‘अ ट्री फॉर पॉव्हर्टी’ हा तो संग्रह १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. लिपी नसणे म्हणजे साहित्य नसणे नव्हे, हे येथे आपण ध्यानात ठेवावे.

परक्या समाजाकडे असे पाहिल्यानंतरच त्या स्वतःच्या गावाकडे वळल्या. १९६२ मध्ये पतीपासून विभक्त होऊन त्या मुलांसह इंग्लंडमध्ये राहू लागल्या आणि मानवाका हे काल्पनिक गाव त्यांच्या लेखनात साकार झाले. ‘द स्टोन एंजल’ (१९६४) मधील नव्वदीची हेगर शिप्ली मृत्यूच्या छायेत आपले आयुष्य आठवते. ज्या ताठ्याने तिला तारले, त्यानेच तिला एकाकी केले, हे तिला उशिरा उमगते. ‘अ जेस्ट ऑफ गॉड’ (१९६६) व ‘द डिव्हायनर्स’ (१९७४) या कादंबऱ्यांना गव्हर्नर जनरल पुरस्कार लाभला.

पुढे त्या कॅनडात परतल्या. १९७६ मध्ये ‘द डिव्हायनर्स’ अश्लील ठरवून शाळांतून काढण्याची मागणी त्यांच्याच परिसरात झाली. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. त्यानंतर त्यांची एकही नवी प्रौढ कादंबरी प्रकाशित झाली नाही. ५ जानेवारी १९८७ रोजी लेकफील्ड येथे त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : दूर गेल्यावरच आपले गाव दिसू लागते, हे विधान लॉरेन्स यांच्या आधारे तपासा. आपला अनुभवही जोडून पाहा.