राजा केळकर संग्रहालयातला ‘राजा’ कोण? पाय घासायच्या वज्रीला कपाटात मानाची जागा देणारा पुणेकर

वारज्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावताना आजोबांचा जुना सेफ्टी रेझर हाती लागला, तर तो सहसा टाकवत नाही. वजनदार धातूची मूठ, ओल्या हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर कोरलेली बारीक चौकडी, पातं धरणारं गोलसर डोकं. दाढीच्या साधनातही असं देखणेपण असतं. रोजच्या वस्तूंमधलं हे सौंदर्य पुण्यातल्या एका चष्म्याच्या व्यावसायिकाने शंभर वर्षांपूर्वीच हेरलं होतं. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकरांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे तेव्हाही होते. केळकरांनी मात्र माजघर, देवघर आणि न्हाणीघरही धुंडाळलं. अडकित्ते, दिवे, कुलपं, करंडे, दौती असं बरंच काही त्यांनी मिळवलं.

यातली वज्री आजच्या पिढीला दाखवावीच लागते. अंघोळीच्या वेळी पायाच्या टाचा घासण्याची ही धातूची वस्तू. खालची बाजू खरखरीत, कारण काम तिचंच. वरच्या बाजूला मात्र कारागिराने पक्षी किंवा प्राणी घडवलेला, आणि तोच धरायची मूठही होतो. काही वज्र्या घासताना आतल्या घुंगरांमुळे वाजतात. अडकित्त्याचंही तसंच. सुपारी कातरायला दोन पाती पुरेत, पण त्यांना पोपटाचा किंवा घोड्याचा आकार दिलेला असतो.

अशा वस्तूंना तेव्हा किंमत होती ती धातूच्या वजनाची. पुढे स्टील घरोघरी आलं आणि पितळ मोडीत निघालं. एकदा भट्टीत गेलेला अडकित्ता परत मिळत नाही, आणि तो घडवणाऱ्याचं नाव तर कुठेच लिहिलेलं नसतं. केळकर देशभर हिंडले, पदरमोड करून वस्तू आणत राहिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती.

आता ‘राजा’विषयी. अनेकांना हे एखाद्या संस्थानिकाचं संग्रहालय वाटतं. प्रत्यक्षात राजा हा केळकर दाम्पत्याचा मुलगा. तो लहानपणीच गेला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयाला त्यांनी त्याचं नाव दिलं. वारज्याशेजारच्या कोथरूडमधल्या मस्तानी महालाचे अवशेषही इथेच आणून उभारले आहेत.

१९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. लिलावात त्याचे किती पैसे आले असते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं. बाजीराव रस्त्याजवळच्या या वास्तूत आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या सुमारे अडीच हजारच पाहायला मांडलेल्या असतात.