कुंपणापलीकडचा टोला

अमेरिकेच्या पूर्व भागातील बाल्टिमोर या बंदराच्या शहरी ६ फेब्रुवारी १८९५ रोजी जॉर्ज हर्मन रूथ याचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे मद्यगृह होते. धंद्याच्या व्यापात आईवडिलांचे मुलाकडे लक्ष राहिले नाही. शाळा चुकवावी आणि रस्त्यांवर उनाडावे, हाच त्याचा दिनक्रम झाला. अखेर वयाच्या सातव्या वर्षी त्याची रवानगी सेंट मेरी उद्योगशाळेत झाली. अनाथ व हूड मुलांसाठी ख्रिस्ती धर्मबंधूंनी चालविलेली ती संस्था होती.

तेथे जॉर्ज सदरे शिवावयास शिकला. परंतु त्याच्या आयुष्याला वळण लावले ते ब्रदर मथायस या शिक्षकाने. हा धिप्पाड गृहस्थ मुलांना बेसबॉल शिकवी. त्याचे उंच टोले पाहून जॉर्ज थक्क होई. तसा टोला आपल्यालाही साधला पाहिजे, या ध्यासाने तो कसून सराव करू लागला.

१९१४ साली तो धंदेवाईक खेळाडू झाला. त्या वेळी पडलेले ‘बेब’, म्हणजे बाळ, हे टोपणनाव त्याला जन्मभर चिकटले. त्याच वर्षी तो बॉस्टनच्या संघात गेला आणि उत्तम चेंडूफेक करणारा म्हणून गाजू लागला. त्याचे मन मात्र टोल्यात होते.

बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलविला, की तो तिन्ही तळांना स्पर्श करून मूळ जागी परततो. यालाच होमरन म्हणतात. त्या काळचे बहुतेक फलंदाज चेंडू हलकेच मारण्यात शहाणपण मानीत; कारण बॅट जोराने फिरविली, की चेंडू हुकण्याचे भय अधिक, आणि तीनदा हुकला की फलंदाज बाद! बेबने ते भय मानले नाही.

१९१९ च्या हंगामात त्याने २९ होमरन काढून १८८४ सालचा २७ होमरनचा जुना विक्रम मोडला. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या यांकी संघाकडून खेळला आणि त्याने ५४ होमरन केले. अमेरिकन लीगमधील दुसऱ्या कोणत्याही सबंध संघालादेखील त्या वर्षी इतके होमरन करता आले नाहीत! या वैभवात तो आपल्या शाळेला विसरला नाही. तिच्या इमारती १९१९ साली आगीत जळाल्या होत्या. पुनर्बांधणीसाठी निधी जमावा म्हणून शाळेचे वाद्यपथक त्याने आपल्या संघाबरोबर गावोगावी फिरविले.

परंतु कीर्तीबरोबर बेशिस्तही आली. अनिर्बंध खाण्यापिण्याने त्याचे शरीर बिघडले. १९२५ साली तो आजारी पडला. पुढे बेशिस्तीबद्दल त्याला दंड झाला व काही काळ संघाबाहेर बसावे लागले. आता तो संपला, असे अनेकांना वाटले. बेबला आपली चूक उमगली. हिवाळाभर व्यायामशाळेत घाम गाळून त्याने शरीर पुन्हा कमावले. १९२६ साली त्याने ४७ होमरन केले आणि ३० सप्टेंबर १९२७ रोजी त्या हंगामातील साठावा होमरन मारला!

१९३५ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ७१४ होमरन होते. १६ ऑगस्ट १९४८ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. १९६१ साली रॉजर मॅरिसने एका हंगामात ६१ होमरन केले. १९७४ साली हँक आरनने ७१४ चा आकडाही ओलांडला.

बेबच्या नावावर आणखी एक आकडा आहे. तीनदा चेंडू हुकून तो तब्बल १,३३० वेळा बाद झाला. म्हणजे होमरनपेक्षा त्याची फजितीच अधिक वेळा झाली! तरी प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला आणि सेंट मेरीच्या मैदानावर शिकल्याप्रमाणे त्याने सर्व बळ एकवटून बॅट फिरविली. म्हणूनच कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या त्या उनाड पोराचे टोले कुंपणापलीकडे गेले.