बिदागी न घेणारे कीर्तनकार : श्री संत गाडगेबाबा

आपल्या देवळाचा जीर्णोद्धार होत असताना, देवाच्या नावे जमणाऱ्या पैशाचा ज्यांनी जन्मभर चोख विचार केला, त्या श्री संत गाडगेबाबांचे स्मरण करणे उचित ठरेल.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुऱ्यास माहेरी आल्या. मामाकडे गुरे राखत, नांगर धरत डेबूजी वाढले. त्या काळी घरात दुखणे आले की देवऋषी बोलवावा, कोंबडे-बकरे कापावे आणि त्यासाठी सावकाराचे कर्ज काढावे, अशी रीत होती. रोगी बरा होवो न होवो, कर्ज मात्र मागे राही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर. गावात शिरताच रस्ते झाडावे, कोणाची लाकडे फोडून द्यावी आणि त्याबदली चटणी-भाकर घ्यावी. रात्री कीर्तन. ती भाकर लाकडे फोडल्याची असे, कीर्तनाची नव्हे. कीर्तनाला बिदागी नाही, गळ्यात हार नाही, कोणाला पायावर डोके ठेवू देणे नाही. त्यांनी कोणाला गुरुमंत्र दिला नाही की अंगारा दिला नाही. आजाऱ्याने नवस-बकरे सोडून डॉक्टरकडे जावे, हाच त्यांचा उपदेश.

मग बाबांच्या कार्याला पैसा लागला नाही काय? लागला, आणि लोकांनी तो लाखांनी दिला. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. पत्नी कुंताबाई मात्र झोपडीतच राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. दिलेला पैसा दगडविटांत सर्वांना दिसे; बाबांच्या घरात तो कधी दिसला नाही.

आपल्या उपनगराशीही त्यांचा ऋणानुबंध आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले कीर्तन त्यांचे अखेरचे मानले जाते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे त्यांनी देह ठेवला.

आज अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, लोकलच्या डब्यात सर्व संकटे दूर करणाऱ्या बाबा-बुवांच्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला; पण लेकरू तापाने फणफणले की शिकलेला माणूसही घाबरतो, आणि त्या घाबरण्यालाच भाव लागतो. पुजारी पहाटे उठून राबतो. त्याच्या श्रमाचा मोबदला देणे रास्तच आहे. देणगीदारांनीही पावती घेऊन उदार हस्ते दिले आहे. परंतु अंगाऱ्याचा दर, आशीर्वादाची फी किंवा पीडा टळण्याची किंमत या देवळात कधी ठरू नये. रिकाम्या हाताने आलेल्या दुखणाइताला येथे धीर मिळावा आणि दवाखान्याची वाट दाखवणारा शेजारी भेटावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.