पाणी गुलाबी करणारा पीटर

ग्रीस म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना बेअरिंग आठवतं आणि बाकीच्यांना नकाशातला देश. मलाही गेल्या वर्षापर्यंत तेवढंच ठाऊक होतं. पण आमचा बी.ई.चा प्रोजेक्ट बुडता बुडता वाचला तो पीटर ग्रीस नावाच्या माणसामुळे. म्हणून ही त्याची गोष्ट.

पीटरचा जन्म १८२९ साली जर्मनीतल्या किर्खहोसबाख या खेड्यातला. थोडे दिवस घोडदळात काढून १८५० मध्ये तो येना विद्यापीठात गेला आणि पुढच्याच वर्षी मारबुर्गला. तिथे या पठ्ठ्याने काय दिवे लावले ते ऐका. त्या काळी जर्मन विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कोठडी असायची. पीटरने तिची हवा अनेकदा खाल्ली. एकदा तर वर्षभरासाठी शहराबाहेर हाकलला गेला. घरचा पैसा उडवून झाल्यावर १८५६ साली प्रोफेसर कोल्बे यांच्या शिफारशीने एका केमिकल फॅक्टरीत चिकटला, तर १८५७ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि काम बंद पडलं!

इथेच गडी बदलला. तो कोल्बेंच्या लॅबमध्ये परतला आणि १८५८ साली त्याने डायझो संयुगं शोधली. अ‍ॅनिलिनसारख्या अमाइनवर थंडाव्यात नायट्रस आम्लाची क्रिया केली की ती तयार होतात, आणि दुसऱ्या योग्य संयुगाशी जोडली गेली की झक्क रंग देतात. पुढे अ‍ॅझो रंगांचा अख्खा उद्योग यावर उभा राहिला.

या शोधामुळे हॉफमन यांनी त्याला लंडनला बोलावलं. १८६२ पासून मात्र तो बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ऑलसॉप कंपनीत, म्हणजे चक्क बिअरच्या कारखान्यात केमिस्ट झाला. (हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी पेल एल पाठवणारी हीच ती कंपनी.) नोकरी सांभाळून त्याचं संशोधन चालूच राहिलं. १८६८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८७९ साली त्याने आपलीच अभिक्रिया उलटी वापरली: रंगासाठी नायट्राइट लागतं ना? मग बाकीची रसायनं पाण्यात घाला. रंग आला तर नायट्राइट आहे! १८८८ साली तो गेला, तोपर्यंत नोकरी त्याच कारखान्यात.

आता आमची गोष्ट. हॉस्टेलच्या सांडपाण्यावर आम्ही छोटं युनिट चालवलं होतं. अमोनिया धडाधड उतरला, आम्ही कँटीनमध्ये पार्टीही केली. सर म्हणाले, नायट्राइट पाहिलंत का? उसना आणलेला यूव्ही प्रोब नायट्रेट आणि नायट्राइट एकत्रच मोजत होता, त्यामुळे आकडा छान दिसत होता. सरांनी टेस्ट ट्यूबमध्ये ग्रीसची टेस्ट लावली. पाणी गडद गुलाबी! अमोनियाचं नायट्राइट करणारे जीवाणू जोरात होते, त्याचं नायट्रेट करणारे मागे पडले होते. असं पाणी नदीत गेलं तर माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. पिण्याच्या पाण्यातून गेलं तर तान्ही बाळंही निळी पडतात. आणि आम्ही तेच पाणी स्वच्छ म्हणून रिपोर्टात लिहिणार होतो.

आज ऑनलाइन नायट्राइट अ‍ॅनालायझर मिळतात. त्यातल्या बऱ्याच यंत्रांच्या पोटात पंप, झडपा आणि प्रकाशमापक असतो. पण अभिक्रिया तीच, पीटरची.

तेव्हा ज्यांच्या केट्या राहिल्यात त्यांनी धीर सोडू नये. फक्त फॅक्टरीला आग लागायची वाट बघू नका!