बीट्रिक्स पॉटर : निळ्या कोटातल्या सशाची जननी

मुलांच्या चित्रपुस्तकांतले ससे बहुधा कापसाचे वाटतात. बीट्रिक्स पॉटरबाईंचा पीटर मात्र अंगात निळा कोट घालूनही खराखुरा ससाच राहतो. ह्याचे मर्म त्यांच्या चरित्रात आहे.

२८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या एका सधन घरात त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. शिकवायला शिक्षिका घरीच येत. धाकटा भाऊ बर्ट्रम आणि पाळलेले ससे, उंदीर, सरडे हेच सवंगडी. एखादा प्राणी मेला की ही भावंडे तो उकळून सांगाडा स्वच्छ करीत आणि त्याची चित्रे काढीत.

पुढे बाईंना अळंब्यांचा ध्यास लागला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी शेकडो जलरंगचित्रे केली आणि अळंबीचे बीजाणू कसे रुजतात ह्यावर निबंध लिहिला. १८९७ साली तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आला, पण दुसऱ्याच्या हस्ते. कारण स्त्रियांना सभेत प्रवेशच नव्हता. निबंध छापला गेला नाही. शास्त्राचे दार मिटले.

कुंचला मात्र मिटला नाही. आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला १८९३ साली त्यांनी एक सचित्र पत्र धाडले होते. त्यातली सशाची गोष्ट त्यांनी पुस्तकासाठी वाढवली. प्रकाशकांनी ती परत केली, तेव्हा १९०१ साली पदरमोड करून २५० प्रती छापल्या. मग वॉर्न कंपनी तयार झाली, पण चित्रे रंगीत हवीत ह्या अटीवर. ससा तपकिरी, पाला हिरवा, ह्यात रंगाची मौज ती काय, अशी बाईंना शंका होती. तरी त्या कामाला लागल्या. आधी पेन्सिलीची रेघ, मग पाणीदार रंगाचे हलके हात. उजेडासाठी कागदाचाच पांढरेपणा राखायचा. आणि अखेरीस बारीक कुंचल्याने अंगावरची लव. अळंबीच्या कडा टिपताना जो संयम लागला, तोच इथे कामी आला. १९०२ साली पुस्तक निघाले. मुलांच्या इवल्या हातात मावेल असाच त्याचा आकार ठेवला होता.

१९०५ साली प्रकाशक नॉर्मन वॉर्न ह्यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. धंदेवाईक घराणे म्हणून आईवडील नाराज होते. महिन्याभरातच नॉर्मन वारले. त्याच वर्षी बाईंनी लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप हे शेत घेतले. तिथलीच कौलारू घरे, कुंपणे आणि परसबागा पुढल्या पुस्तकांत उतरल्या. १९१३ साली विल्यम हीलिस ह्या वकिलांशी लग्न झाल्यावर त्या मेंढ्यांच्या संगोपनात रमल्या. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या निवर्तल्या. चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टला देऊन ठेवली होती.

१९६७ साली अळंब्यांवरील एका शास्त्रीय ग्रंथात त्यांचीच चित्रे छापली गेली. १९९७ साली लिनियन सोसायटीने झाल्या अन्यायाची कबुली दिली. निबंधाला शंभर वर्षे लोटली होती. मुलांनी मात्र त्यांच्या नजरेचा खरेपणा पहिल्याच पुस्तकात ओळखला होता.