कार्लो गोल्दोनी

कार्लो गोल्दोनी (जन्म : २५ फेब्रुवारी १७०७, व्हेनिस, मृत्यू : ६ फेब्रुवारी १७९३, पॅरिस) हे अठराव्या शतकातील थोर इटालियन नाटककार होते. मुखवटे घालून, आयत्या वेळी संवाद रचत खेळल्या जाणाऱ्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या जुन्या नाट्यप्रकाराच्या जागी लिखित संहितेवर आधारलेली, खऱ्याखुऱ्या माणसांची सुखात्मिका त्यांनी इटालियन रंगभूमीवर रुजवली. शंभराहून अधिक सुखात्मिका, अनेक संगीतिकांच्या संहिता आणि फ्रेंच भाषेतील आत्मचरित्र असा त्यांचा मोठा लेखनसंभार आहे. व्हेनिसच्या कार्निव्हलमध्ये फुलणाऱ्या आणि अडखळणाऱ्या प्रेमाच्या कथा हा त्यांच्या उत्तम नाटकांचा आवडता विषय होता.

बालपण आणि शिक्षण

गोल्दोनींचा जन्म सान तोमा भागातील ‘का चेन्तान्नी’ या जुन्या गॉथिक वाड्यात झाला. मूळचे मोदेनाचे असलेले त्यांचे आजोबा नाटकांचे मोठे शौकीन होते आणि त्या शौकापायी त्यांनी सढळ हाताने खर्च केला. त्यांच्यामागे घराची आर्थिक घडी विस्कटली. वडील जूल्यो यांनी वैद्यकीचा व्यवसाय पत्करला. आईचे नाव मार्गेरिता साल्व्हियोनी.

वडिलांच्या व्यवसायामुळे कार्लो यांचे शिक्षण पेरूजा येथे जेझुइटांच्या शाळेत सुरू झाले. पुढे तत्त्वज्ञान शिकण्यासाठी त्यांना रिमिनीला ठेवण्यात आले. परंतु चौदाव्या वर्षी, १७२१ मध्ये, ते एका नाटकमंडळीच्या नावेत बसून थेट क्योज्जाला आईकडे पळून आले. पाव्हियाच्या गिझ्लिएरी महाविद्यालयात त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभला; तेथेही गावातील प्रतिष्ठित घराण्यांतील मुलींवर विडंबनकाव्य लिहिल्यामुळे १७२५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. त्यानंतर क्योज्जा आणि फेल्त्रे येथील फौजदारी कचेऱ्यांत त्यांनी साहाय्यकाचे काम केले. साक्षी नोंदवताना कोळी, विणकर, फेरीवाले यांची बोली, त्यांची भांडणे आणि त्यांचे समेट त्यांना जवळून ऐकायला मिळाले. तीस वर्षांनंतरच्या ‘ले बारूफ्फे क्योझ्झोत्ते’ या कोळ्यांच्या नाटकात अशाच कचेरीतला एक साहाय्यक भांडणे मिटवताना दिसतो.

१७३१ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी पादुआ येथे पदवी घेऊन गोल्दोनी वकील झाले आणि व्हेनिसमध्ये वकिली करू लागले. मात्र एक ठरलेले लग्न आणि वाढते कर्ज यांतून सुटण्यासाठी त्यांना लवकरच शहर सोडावे लागले. सोबत नेलेली ‘आमालासुन्ता’ ही संगीतिका मिलानमध्ये नापसंत ठरली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हाताने जाळली. १७३४ मध्ये व्हेरोना येथे नट-व्यवस्थापक जुझेप्पे इमेर यांची गाठ पडली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘बेलिसारियो’ हे नाटक व्हेनिसच्या सान सामुएले नाट्यगृहात गाजले. पुढील वर्षी संगीतकार आंतोन्यो व्हिव्हाल्दी यांच्यासाठी त्यांनी ‘ग्रिझेल्दा’ची संहिता नव्याने बांधून दिली. १७३६ मध्ये जेनोआ येथे निकोलेत्ता कोन्नियो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना मूलबाळ झाले नाही. निकोलेत्ता यांची साथ मात्र अखेरपर्यंत लाभली.

कार्निव्हल आणि नाट्यहंगाम

गोल्दोनींचे आयुष्य समजून घ्यायचे तर व्हेनिसचे नाट्यवर्ष समजून घ्यावे लागते. शरद ऋतूतील हंगाम डिसेंबरच्या मध्याला संपे. त्यानंतर २६ डिसेंबरला, संत स्तेफानच्या सणाला, कार्निव्हलचा हंगाम उघडे आणि भस्म बुधवारच्या आदल्या मंगळवारी मध्यरात्री तो मिटे. मग ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होई, नाट्यगृहे बंद होत आणि मंडळ्या इतर शहरांच्या दौऱ्यावर निघत. कार्निव्हलच्या दिवसांत पांढरा मुखवटा, काळे शिरोवस्त्र, झगा आणि त्रिकोणी टोपी असा ‘बाउता’ चढवून उमराव आणि सामान्य नागरिक एकाच गर्दीत मिसळत. युरोपभरातून पाहुणे येत. ग्रिमानी, वेन्द्रामिन अशा सरदार घराण्यांच्या मालकीच्या नाट्यगृहांत याच काळात खरी चढाओढ चाले. सज्जे वर्षाच्या बोलीने घेतलेले असत आणि तेच ते प्रेक्षक वारंवार येत; त्यामुळे जुन्या खेळावर भागत नसे. नाटककाराच्या वर्षभराच्या भाकरीचा निकाल या थोड्या आठवड्यांत लागे.

रंगभूमीवर तेव्हा पान्तालोने, दोत्तोरे, आर्लेक्किनो, ब्रिगेल्ला या ठरावीक मुखवट्यांचे राज्य होते. नटांना केवळ कथेचा आराखडा मिळे. गोल्दोनींनी ही सवय एका झटक्यात मोडली नाही. १७३८ च्या ‘मोमोलो कोर्तेझान’मध्ये त्यांनी फक्त नायकाची भूमिका लिहून काढली; सर्व संवाद लिहिलेले पहिले नाटक ‘ला दोन्ना दी गार्बो’ १७४३ चे. त्याच वर्षी कर्जामुळे त्यांना पुन्हा व्हेनिस सोडावे लागले. पिसा येथे त्यांनी काही वर्षे वकिली केली. नट आंतोन्यो साक्की यांच्यासाठी ‘इल सेर्व्हितोरे दी दुए पाद्रोनी’, म्हणजे ‘दोन धन्यांचा चाकर’, हे आज जगभर खेळले जाणारे नाटक याच काळातील आहे.

सोळा नाटकांचे वर्ष

जिरोलामो मेदेबाख यांच्या मंडळीचे कवी म्हणून गोल्दोनी १७४८ मध्ये व्हेनिसला परतले. सान्त आन्जेलो नाट्यगृहात ‘ला वेदोवा स्काल्त्रा’ने मोठे यश मिळवले. परंतु पुढच्याच हंगामाच्या अखेरीस एक नाटक पडले, पान्तालोनेचे काम करणारा लोकप्रिय नट मंडळी सोडून गेला आणि सज्जे रिकामे राहण्याची चिन्हे दिसू लागली. यावर गोल्दोनींनी पुढील वर्षी तब्बल सोळा नवी नाटके देण्याचे जाहीर वचन देऊन टाकले. वचन देताना बहुतेकांचे कथानकही ठरलेले नव्हते. १७५०-५१ च्या हंगामात त्यांनी ते पाळले. ‘इल तेआत्रो कोमिको’, ‘ला बोत्तेगा देल काफ्फे’, ‘इल बुजार्दो’ ही त्यांतलीच नाटके. कार्निव्हलच्या शेवटच्या रात्री सोळावे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा नाट्यगृह तुडुंब भरले होते. या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली. मेदेबाख यांनी ठरलेल्या वेतनापलीकडे काही दिले नाही, शिवाय नाटके छापण्याच्या हक्कावरही दावा सांगितला. नाटक लिहिणाऱ्याचे की विकत घेणाऱ्याचे, हा वाद तेव्हा नवा होता आणि गोल्दोनींना तो महागात पडला.

मंडळी सोडण्यापूर्वीचे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध नाटक म्हणजे १७५३ च्या कार्निव्हलमधील ‘ला लोकान्दिएरा’. खाणावळीची मालकीण मिरान्दोलिना एक मार्की, एक काउंट आणि स्त्रीद्वेष्टा सरदार अशा तिघांना खेळवते आणि शेवटी आपल्या नोकराशी लग्न करते. ही भूमिका दुय्यम नटी माद्दालेना मार्लियानी यांच्यासाठी लिहिली होती. तिचे यश पाहून मुख्य नटी तेओदोरा मेदेबाख आजारपणातून उठल्या आणि चालते नाटक काही प्रयोगांनंतर बाजूला सारले गेले, असे गोल्दोनी आत्मचरित्रात नोंदवतात. हे आत्मचरित्र ऐंशीच्या घरातले आहे आणि त्यातील तारखा पुष्कळदा चुकतात. तेव्हा त्यातील प्रत्येक गोष्ट तपासून घेणे बरे.

कार्निव्हलमधील प्रेमकथा

१७५३ मध्ये गोल्दोनी वेन्द्रामिन घराण्याच्या सान लूका नाट्यगृहात आले. येथल्या नऊ वर्षांत त्यांची परिपक्व नाटके लिहिली गेली. १७५६ च्या ‘इल काम्प्येल्लो’मध्ये कार्निव्हलच्या अखेरच्या दिवसांत एका छोट्या चौकातील गरीब मुलींची प्रेमे आणि भांडणे येतात. १७६० च्या ‘इ रुस्तेगी’त चार तुसडे, जुन्या वळणाचे गृहस्थ आपल्या बायका-मुलींना सणाच्या दिवसांतही घराबाहेर पडू देत नाहीत. लुनार्दो आपल्या लुचेत्ताचे लग्न मित्राच्या मुलाशी, फिलिप्पेत्तोशी, ठरवतो. पण लग्नाआधी दोघांनी एकमेकांना पाहायचे नाही, असा त्याचा हट्ट. अखेर बायकाच पुढाकार घेतात आणि फिलिप्पेत्तोला स्त्रीवेषात, मुखवटा घालून, लुचेत्तापुढे आणतात. जो मुखवटा बापांना अनाचाराचे मूळ वाटतो, त्याच्याच आडून दोन जिवांना एकमेकांचा चेहरा पाहता येतो. हे नाटक व्हेनिसच्या बोलीत आहे आणि ती बोली हेच त्याचे अर्धे बळ आहे.

याच सुमारास विरोध तीव्र झाला. काउंट कार्लो गोत्सी यांच्या मते गोल्दोनी सामान्यांची गल्लीतली बोलणी रंगभूमीवर आणून उमरावांना हास्यास्पद करत होते. जानेवारी १७६१ मध्ये गोत्सींनी ‘तीन संत्र्यांचे प्रेम’ ही परीकथा साक्की यांच्या मंडळीकडून खेळवली. तिच्यातील जादूगार हे गोल्दोनींचे उघड विडंबन होते. ज्या साक्कींसाठी गोल्दोनींनी लिहिले, त्यांच्याच नटांनी हा खेळ केला. प्रेक्षक तिकडे लोटले. त्याच वर्षी पॅरिसच्या इटालियन रंगभूमीचे निमंत्रण आले आणि गोल्दोनींनी ते स्वीकारले.

जाण्यापूर्वी, १६ फेब्रुवारी १७६२ रोजी, त्यांनी ‘ऊना देल्ले उल्तिमे सेरे दी कार्नोव्हाले’, म्हणजे ‘कार्निव्हलच्या अखेरच्या रात्रींपैकी एक’, हे निरोपाचे नाटक सादर केले. रेशीमविणकर झामारियाच्या घरी जेवणासाठी आणि पत्त्यांच्या खेळासाठी मंडळी जमली आहेत. कापडाचे नक्षीकाम रेखाटणारा तरुण आंझोलेत्तो मॉस्कोला जाणार आहे, ही बातमी फुटते. झामारियाची मुलगी दोमेनिका त्याच्यावर प्रेम करते. तो जाणार, आणि आपण मागे राहणार की काय, हा तिचा प्रश्न सगळ्या हास्यविनोदाखाली वाहत राहतो. आंझोलेत्तो म्हणजे गोल्दोनी, विणकर म्हणजे नट आणि मॉस्को म्हणजे पॅरिस, हे प्रेक्षकांनी ओळखले. नाटकात प्रेमिकांचे लग्न ठरते आणि दोमेनिकाही प्रवासाला निघते. २३ फेब्रुवारीला, हंगामाच्या शेवटच्या रात्री, प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात लेखकाला शुभ प्रवास चिंतला आणि परतण्याचे वचन मागितले. ते वचन पाळले गेले नाही.

पॅरिस आणि अखेर

ऑगस्ट १७६२ मध्ये गोल्दोनी पॅरिसला पोहोचले. तेथील इटालियन मंडळीला लिखित नाटके नको होती. तिला हवे होते तेच जुने आर्लेक्किनोचे आराखडे, जे बदलण्यात गोल्दोनींची उमेद खर्ची पडली होती. ‘पंखा’ हे नाटक पॅरिसमध्ये थंड पडले, व्हेनिसमध्ये मात्र १७६५ मध्ये गाजले. राजकन्यांना इटालियन शिकवण्याचे काम मिळाल्याने व्हर्सायमध्ये त्यांचा निर्वाह होऊ लागला व पुढे निवृत्तिवेतनही मिळाले. ४ नोव्हेंबर १७७१ रोजी कोमेदी-फ्राँसेझमध्ये झालेले ‘ल बूर्यु बिएंफेझां’ हे त्यांचे फ्रेंच नाटक मोठे यश ठरले. १७८७ मध्ये तीन खंडांत आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

फ्रेंच राज्यक्रांतीने राजाश्रयाची वेतने थांबवली आणि १७९२ मध्ये गोल्दोनींचेही वेतन बंद झाले. आजारी, जवळजवळ अंध आणि निर्धन अवस्थेत ६ फेब्रुवारी १७९३ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी कवी मारी-जोझेफ शेनिए यांच्या प्रस्तावावरून राष्ट्रीय सभेने ते वेतन पुन्हा सुरू केले. गोल्दोनी आदल्या दिवशीच गेले हे सभेला ठाऊक नव्हते. नंतर त्यांच्या विधवेला साहाय्य देण्यात आले.

प्रभाव

ऑक्टोबर १७८६ मध्ये जर्मन कवी गटे यांनी व्हेनिसमध्ये ‘ले बारूफ्फे क्योझ्झोत्ते’चा प्रयोग पाहिला आणि प्रेक्षकांचे मनसोक्त हसणे प्रवासवर्णनात नोंदवले. हायडन यांची ‘इल मोन्दो देल्ला लूना’ ही संगीतिका गोल्दोनींच्याच संहितेवर आहे. एर्मान्नो वोल्फ-फेरारी यांनी ‘इ रुस्तेगी’ आणि ‘इल काम्प्येल्लो’ यांच्या संगीतिका केल्या. सान लूका नाट्यगृहाला आज गोल्दोनींचे नाव आहे, जन्मघरात संग्रहालय आहे आणि रियाल्तो पुलाजवळच्या चौकात १८८३ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. जॉर्जो स्त्रेहलर यांनी १९४७ मध्ये मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोमध्ये ‘दोन धन्यांचा चाकर’ आर्लेक्किनोच्या नावाने बसवले. जुन्या मुखवट्यांची अभिनयशैली नव्या नटांना शिकण्याचे तेच एक मोठे साधन ठरले.